मान्य केलेले दोष

वितोल्डची नि माझी ओळख झाली ती माझ्या दादागिरीतून. पार्दुबित्सेच्या आमच्या कारखान्यात चाचणी विभागात शिरताना मोबाइल दारातल्या कपाटात ठेवायचा, हा नियम कुत्र्यामांजरालाही ठाऊक. आणि हा उंच गृहस्थ, पावसाने निथळणाऱ्या कोटात, खिशातला फोन खणखणत असताना सरळ आत आला. एसी दुरुस्तीवाला असेल, असं समजून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"झालं बोलून?" पोलिश वळणाच्या चेक भाषेत त्याने विचारलं. "मग सांगतो... तुमचं यंत्र विकत घेणारे आहेत ना, त्यांचा मी माणूस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कारण वर्षभर आम्ही याच माणसाची वाट बघत होतो. आमचं यंत्र स्वतः काही लहरी सोडत नाही. विमानांच्या लहरी गुपचूप ऐकून ती कुठे आहेत ते सांगतं. एके काळी तीन खोल्यांत मावणारी आमची कंपनी. युरोपभर संरक्षणाच्या खरेदीचं वारं सुटलं आणि आम्ही वाढत सुटलो. या पोलिश ऑर्डरच्या भरवशावर कर्ज काढून नवी शेड बांधली, माणसं भरली. यंत्र नाताळच्या आत पास झालं, की मी चाचणी विभागाची प्रमुख होणार होते. आमच्या मालकांनी, ह्रुश्कासाहेबांनी, तसा शब्दच दिला होता. आणि पास करणार होता वितोल्ड.

पद्धत साधी होती. त्याने दोष काढायचा, मी तपासायचा. मी नाकारला तर काम पुढे सरकायचं. मान्य केला तर दुरुस्ती, पुन्हा चाचणी, आणि उशीर आमच्या माथी. उशिराचे पैसे यंत्राच्या किमतीतून कापले जाणार.

सुरुवातीचे त्याचे दोन-तीन दोष मी पुराव्यासकट उडवून लावले. तो चिडेल असं वाटलं, तर म्हणाला, "तुमच्याशी भांडायला मजा येते, रादका." मग ते भांडण संध्याकाळी लाबे नदीच्या काठी चालू राहिलं. गावच्या पेर्निकचा, मधामसाल्याच्या आमच्या खमंग केकचा, त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि पोलंडात त्यांच्या तोरुन गावचा याहून चांगला असतो म्हणाला. पार्दुबित्सेत उभं राहून असं बोलायला हिंमत लागते. मी त्याच्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला, खाऊन टाकला. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला... आणि मी उगाचच छत्री उघडली. पाऊस तर केव्हाच थांबला होता.

ऑक्टोबर संपत आला. दोन दिवसांत तो सही करून जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं. आणि त्या सकाळी त्याने नवा दोष काढला: थंडीत एका केबलचा सांधा सैल होतो. मी वर पाहिलं. तो किंचित हसला. अस्सं, लबाडा... जायचं नाहीये तुला. माझं काळीज असं काही उड्या मारायला लागलं, की शेडपर्यंत जाऊन बघायचंही सुचलं नाही. मान्य, म्हणून सही ठोकली.

त्यानंतर झाकणातून पाणी झिरपतं म्हणाला. मान्य. मग पंखा गरम होतो. मान्य. दुरुस्तीवाल्यांना मी नुसतं "बदला" म्हणायचे. शेजारच्या टेबलावरची इवाना चिडवायची, की तुमचं लग्न लागेपर्यंत हा बाबा काही यंत्र पास करत नाही. मी लाजायचे. खरंच लाजायचे, लाज नाही वाटत सांगायला. प्रत्येक नवा दोष मला चिठ्ठीसारखा वाटायचा. गावच्या किल्ल्यात पाळलेल्या मोरांसमोर त्याने मला जवळ घेतलं, त्या दिवशी तर मी दोन मान्य केले.

नाताळ उलटला. जानेवारीत ग्राहकांचे वकील आले आणि माझ्या सह्या एकेक करून टेबलावर मांडल्या. किंमत इतकी खाली आली, की नवी शेड निम्मी बंद करावी लागली. नव्याने घेतलेली माणसं घरी गेली. ह्रुश्कासाहेब ओरडले नाहीत. एकही तपासला नाहीस का, एवढंच विचारलं. विभागप्रमुख इवाना झाली.

वितोल्ड फाटकाशी टॅक्सीची वाट बघत उभा होता. मी तरातरा गेले.

"छान धंदा केलास," मी म्हटलं. "मी समजत होते, तू माझ्यासाठी खोटं लिहितोयस."

"खोटं?" त्याला खरंच कळेना. "एकही खोटा नव्हता, रादका. तो सांधा मी माझ्या हाताने हलवून पाहिला होता. तू... पाहिला नाहीस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आईला मी काय सांगितलं होतं, माहितीये? म्हटलं, कंपनीचं नुकसान होतंय तरी आपल्या मालातली खोट सरळ कबूल करते, अशी मुलगी भेटली. लग्न करीन तर हिच्याशीच. आणि तू मला लबाड समजून प्रेम करत होतीस."

"मला वाटलं, तपासून नाकारलं तर तू निघून जाशील."

"गेलो असतो. शुक्रवारी परत आलो असतो." तो थकल्यासारखा म्हणाला. "वॉर्साहून इथे थेट गाडी आहे की."

टॅक्सी आली. त्याने माझा हात हातात घेतला, ग्राहकांचे लोक निघताना घेतात तसा, आणि सोडला.

त्या शुक्रवारी मी स्टेशनवर गेले. हो, गेले, हसायचं तर हसा. केस धुतले होते, त्याला आवडायचा तो निळा कोट घातला होता. वॉर्साची गाडी वेळेवर आली. सगळे उतरून गेले, सफाईवाली झाडू घेऊन डब्यात चढली, तोवर उभी होते. पुढच्या शुक्रवारी घरीच बसले.