झटकांक

दिनकर खोब्रागडेंशी गावात कुणी वाद घालेनासं झालं होतं. पत्त्यांच्या डावात समोरचा मुद्दाम हरायचा. घरी बातम्या लागल्या की पंचफुलाबाई लगेच चॅनल बदलायच्या. एसटीच्या डेपोत जन्मभर आवाज चढवून मेकॅनिकचं काम केलेला हा माणूस बायकोच्या आणि गावाच्या त्या गोडगोड वागण्यानं पार वैतागला होता.

याला कारण दंडावरची पट्टी. पूर्वी डॉक्टर वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगत. आता साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्य केंद्रात ही पट्टी लावत. ती रक्तवाहिन्यांवरचा ताण सतत मोजायची आणि येत्या आठवड्यात पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका एका आकड्यात सांगायची. त्या आकड्याला झटकांक म्हणत. तो तीसच्या वर गेला की घरच्यांच्या फोनवर सूचना यायची: रुग्णाला शांत ठेवा.

ही ब्याद काढून टाका, असं सांगायलाच दिनकरराव आरोग्य केंद्रात गेले. रांगेत साकोलीचा एक ओळखीचा माणूस भेटला.

"सुखदेवभाऊंच्या मातीला नाही, पुण्यानुमोदनालाही दिसले नाही तुम्ही. बरं नव्हतं का?"

सुखदेव म्हणजे त्यांचा साकोलीतला थोरला भाऊ. दोघं दर रविवारी फोनवर कडाकडा भांडत. गेले काही आठवडे फोन लागत नव्हता. 'त्यांचा फोन बिघडला आहे,' असं पंचफुलाबाई सांगत होत्या.

दिनकरराव रांग मोडून डॉ. आफरीन मुलाणींच्या खोलीत शिरले. "माझा भाऊ गेला. तुम्हाला माहीत होतं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचा झटकांक बासष्ट होता. पंचफुलावहिनींना मीच थांबायला सांगितलं."

"अन् नंतर? आता तर तो खाली आला आहे."

"सांगितलं असतं तर पुन्हा चढला असता."

"म्हणजे कधीच सांगणार नव्हते."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दिनकरराव, या गावात दर महिन्याला कुणीतरी अंथरुणाला खिळायचं. आता कुणी खिळत नाही. मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा."

"भावाच्या मातीला जाण्याइतका मी जिवंत होतो, डॉक्टर."

त्यांनी पट्टी ओरबाडून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी अडवलं नाही.

घरी पंचफुलाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. सुखदेव शेवटपर्यंत दिनकररावांचीच वाट पाहत होता.

"आणखी काय लपवलं?"

"काही नाही. खरंच काही नाही."

त्यांना ते पटेना. त्यांनी नागपूरला प्रज्ञाला फोन लावला. लेकीचं पहिलंच बाळंतपण होतं, दिवस भरत आले होते.

"बरी आहेस ना बेटा? बाळ बरं आहे?"



"बाबा, तुमचा आकडा दिसत नाही आहे मला," प्रज्ञा म्हणाली. "आधी पट्टी लावा. मग बोलू."