अग्रहक्काचे भाग

धनेश निघाला होता दात दाखवायला आणि शिरला कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात. गाल टम्म सुजलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. तिथे उमेदवारी करणाऱ्या अनुयाला हसू आवरेना.

"दंतवैद्य वरच्या मजल्यावर. इथं आम्ही फक्त कंपन्या काढतो."

"मग दात काढून आलो, की आमची कंपनी काढा…"

आणि पठ्ठ्या खरंच आला! वडिलांच्या मागे राहिलेली चिरनेरची जमीन कंपनीच्या नावावर करून त्याला गोदामं बांधायची होती. भागभांडवल समजून घ्यायचं हे निमित्त. दोन भेटींचं काम पावसाळाभर पुरलं. कर्नाळ्याच्या रस्त्यावर, गळक्या टपरीखाली, तो मुद्दाम तेच तेच विचारायचा.

"समभागाला मत असतं, पण नफा मागून, उरला तर," अनुया सांगायची. "अग्रहक्काच्या भागाला नफा आधी, ठरल्या दराने… पण कारभारात एरवी मत नाही."

"आणि माझ्यावर तुझा कुठला हक्क?"

"गप रे—" म्हणताना तिचे कान लाल व्हायचे. शहाणी पोरगी, पण प्रेमात पार भोळी झाली होती.

श्रावण सरला आणि तो बहिणीला, वेणूला, सहीसाठी घेऊन आला. सगळे समभाग धनेशचे, वेणूला अग्रहक्काचे.

"दादा बोलला, मला सगळ्यांच्या आधी पैसे," वेणू कौतुकाने म्हणाली.

अनुयाने कागदावरून मान वर केली. ही युक्ती तो तिच्याकडूनच शिकला होता. आता तो नजरेनेच विनवत होता— नको ना, अनू…

तरी ती बोलली. "वेणूताई, निम्मी जमीन तुमची आहे. सही केलीत, तर उद्या ती विकतानाही तुम्हाला कुणी विचारणार नाही."

वेणूने भावाकडे पाहिलं. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

"कळलं, ताई. पण भाऊ तुटला तर माहेरपणाला कुठं जाऊ?" असं म्हणून तिने सही केली.

वेणू खाली रिक्षात बसली, तेव्हा जिन्यात धनेशने अनुयाचा हात धरला. "बघ, तिची कायच तक्रार नाय. आता तुझ्या घरी बोलायला येऊ?"

याच प्रश्नासाठी तिने देव पाण्यात ठेवले होते.

"तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, धनेश."

"अगं, घरातला व्यवहार हाय तो… तुला काय कमी पडू देणार हाय का मी?"

"नाही पडू देणार. सगळं देशील. विचारणार मात्र नाहीस… नको येऊस घरी."

तो पायऱ्या उतरत गेला. एकदा हाक मारली असती, तर धावत वर आला असता. अनुयाने कठडा घट्ट धरला, ओठ चावला, पण हाक काही मारली नाही.