शिकाऊ विमान आणि उजवा प्रसाद

ते लाल विमान त्याने दोन्ही हातांवर असं धरलं होतं, जणू कोणी बारशाचं मूल हातात दिलंय. टोकदार नाक, पोटाखालून निघालेले आखूड पंख, शेपटीवर चंदेरी पट्टा. दिसायला देखणं, यात वादच नाही.

पणजीच्या त्या रिमोटच्या विमानांच्या दुकानात मी प्रोपेलर घ्यायला गेले होते. प्रोपेलर मिळाले होते, पेडण्याची बस सुटायला वेळ होता, आणि माझ्या स्वभावाला औषध नाही. कोणी चुकीची वस्तू घेताना दिसला की माझी जीभ वळवळायला लागते.

"ह्यां घेव नकात," मी म्हणाले. "पयल्याच दिसा मोडतलां."

त्याने वर पाहिलं. शांत डोळे, जरासे घाबरट, आणि पापण्या इतक्या दाट... मुलग्याला कशाला हव्यात एवढ्या दाट पापण्या, असं माझ्या मनात आलं, हे आत्ताच सांगून टाकते.

"भाच्याखातीर जाय आसलें," तो म्हणाला.

"भाचो केदो?"

"म्हज्याएवढो..."

आणि मग आपण काय बोललो ते कळून तो कानाच्या पाळ्यांपर्यंत तांबडा झाला. भाचा नव्हताच. लहानपणी राहून गेलेली हौस होती, आणि ती सांगायची लाज वाटत होती. मला तो तिथेच आवडला, पण तेव्हा मला वाटलं की मला फक्त हसू येतंय.

मग मी त्याचं लाल विमान कपाटात ठेवायला लावलं आणि कोपऱ्यातलं दुसरं काढलं. पांढरं, ढबू, कुणी वळूनही बघणार नाही असं. त्याला म्हटलं, याचे पंख बघा, धडाच्या वर बसवलेत आणि टोकांना किंचित उचललेत, म्हणून हे हवेत सहसा कलंडत नाही. अंग फोमचं आहे, आपटलं तर गोंदाने चिकटतं. प्रोपेलर मागे आहे, त्यामुळे नाकावर पडलं तरी तो वाचतो. आकाराने मोठं आहे, दूर गेलं तरी डोळ्यांना सापडतं. आणि मुख्य म्हणजे हे सावकाश उडतं, तुम्हाला विचार करायला वेळ देतं. ते लाल विमान वेळ देत नाही, ते ज्यांचे हात बसलेत त्यांच्यासाठी.

"पूण हें दिसता वायट," तो हळूच म्हणाला.

"पयलां विमान दिसण्यार बघून घेवचां नसतां," मी म्हणाले.

"मगीर कितें पळोवन घेवपाचें?"

"माफ करता काय नाय, तां बघून."

तो हसला. मग म्हणाला, घरी विचारून सांगतो. चांगला मिशा फुटलेला माणूस विमान घ्यायला घरी विचारणार... मी तोंड फिरवून हसून घेतलं. दुकानाबाहेर उभा राहून त्याने आईला फोन केला, बराच वेळ मान डोलावली, आणि आत येऊन तो पांढरा ढबू डबा उचलला.

गौरेश त्याचं नाव. गाव सर्वण, डिचोलीच्या बाजारात औषधांचं दुकान. प्रत्येक बाटलीवरचं लेबल दोनदा वाचणारा माणूस. मी पेडण्याची तनया, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्ड तपासते. विमानांचं वेड मूळ माझ्या भावाचं, अमोलचं. तो दुबईला गेला, वेड माझ्याकडे राहिलं. पण मोपाला खरा विमानतळ झाल्यापासून आमच्या सड्यावर, गावाबाहेरच्या माळावर, खोटी विमानं उडवायची सोय उरली नव्हती, आणि माझं विमान घरात धूळ खात पडलं होतं. हे मी बोलता बोलता सांगितलं. त्यावर तो म्हणाला, आमच्या सर्वणला भातकापणी झाली आहे, शेतं मोकळी पडली आहेत, तुम्ही शिकवायला याल का? आणि लगेच घाईने पुढे म्हणाला, भाच्याला.

मी दर रविवारी जायला लागले. स्कूटरवरून, सकाळी लवकर, वारा उठायच्या आत. शेतात धुकं असायचं, कापलेल्या भाताचे खुंट दवाने भिजलेले, सलवारीचा काठ ओला व्हायचा. तो मेरेवर, शेताच्या बांधावर, आधीच येऊन बसलेला असायचा, शेजारी कागदात गुंडाळलेले गरम उंडे पाव आणि डब्यात पातळ भाजी.

शिकवायची पद्धत अशी. दोन रिमोट एका वायरीने जोडायचे, एक शिकणाऱ्याच्या हातात, एक माझ्या. माझ्या रिमोटवर एक बटण. मी ते दाबून धरलं की विमान त्याचं, सोडलं की माझं. ती वायर जेमतेम हातभर लांब होती. लांब वायर बाजारात मिळते. मी आणली नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

या खेळाची एक गंमत आहे. विमान वर असताना त्याच्यावरून नजर काढायची नसते. म्हणजे प्रेमकथांमध्ये असतं ते नजरेला नजर भिडणं आमच्या नशिबी नव्हतं. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे, दोघांची तोंडं आभाळाकडे, आणि बोलणं मात्र चालू. त्याच्या शर्टाला दुकानातल्या औषधांचा बारीकसा वास यायचा. आजही तो वास कुठे आला की माझी मान आपोआप वर जाते.

"मात्शें म्हजेकडेन पळय," एकदा तो म्हणाला.

"विमान वर आसताना नाय."

"मगीर केन्ना?"

"उतरल्यार."

त्याने इतक्या घाईने विमान उतरवलं, की ते सरळ पेंढ्याच्या उडवीत घुसलं. आम्ही दोघं हसून हसून मेरेवर बसलो. त्या दिवशी तो मला "तुमी" म्हणायचं थांबला.

त्या ढबू विमानाचा एक गुण त्याला फार आवडायचा. पुरेसं उंच असताना गोंधळ झाला, डावं-उजवं कळेनासं झालं, की रिमोटची स्टिक सोडून द्यायची. हात काढला की ते आपलं आपण सरळ होतं. गौरेश पुन्हा पुन्हा मुद्दाम वाकडं करायचा, हात सोडायचा आणि ते सरळ होताना लहान मुलासारखा बघत राहायचा. मला वाटतं, जगातलं सगळंच असं असतं असा त्याचा तेव्हा समज झाला.

एकदा तो मला घरी घेऊन गेला. त्याची आई, प्रभावती, मोकळ्या मनाची बाई. तिने मला पोहे दिले, खिडकीजवळ बसवलं आणि परसातल्या अबोलीची फाती स्वतःच्या हाताने केसात माळली. आणि हसत हसत सांगितलं की आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. दुकान घेताना विचारलं, मोटरसायकल घेताना विचारलं. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवीकडची पडली तर देवीचं होय, डावीकडची पडली तर नाही. उजवा प्रसाद, डावा प्रसाद. मला त्यात नवल नव्हतं, आमच्याकडेही लावतात. पण आमच्याकडे आधी माणसं आपसात बोलतात, मग देवाला त्रास देतात.

काजू मोहरले तेव्हा माझ्या घरी स्थळांची बोलणी सुरू झाली. मी ते गौरेशला सांगितलं. विमान वर होतं, बटण माझ्या बोटाखाली होतं. मी म्हटलं, आई मला विचारते आहे, मी तिला काय सांगू?

 विमानाने शेतावरून एक मोठा फेरा घेतला.

"शिगमो जांव दी," तो म्हणाला. "मगीर हांव सगळें बरें करतां."

मी थांबले. शिगमो झाला. मग आईला बरं नव्हतं. मग दुकानात माल यायचा होता. दर रविवारी मी जायची, दर रविवारी वाटायचं की आज बोलेल. मला मोठं काही नको होतं. गुडघ्यावर बसणं नको, फुलं नकोत. "तनया, माझ्याशी लग्न करशील?" एवढं एक वाक्य, कुठल्याही भाषेत, भाजीचा डबा उघडताना म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याच्या मनात मी होते हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि ऐकणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर मला एकटीने कापता येत नव्हतं. माझी बाजू मी सांगून झाले होते. मुलीने याहून पुढे किती यावं?

मग एका रविवारी दुपारी परेश आला. पणजीला सरकारी कचेरीत आहे. आई-वडिलांबरोबर मला बघायला आला होता. मोठी माणसं आत बोलत बसली तेव्हा आम्हाला पडवीत पाठवलं. त्याने इकडचं तिकडचं काही काढलं नाही. म्हणाला, तुमच्या मनात दुसरं कोणी असेल तर आत्ता सांगा. मी माझ्याकडून नको म्हणेन, तुमच्यावर काही येणार नाही.

मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. कोणीतरी आहे... पण "आहे" म्हणायला त्याने एकदा तरी "मी आहे" म्हणायला लागतं ना? कोणी नाही, मी म्हणाले. मग परेशने विचारलं, तुम्हाला हे पसंत आहे का? मला कोणीतरी विचारत होतं, सरळ, माझ्याकडे बघून. मी हो म्हणाले.

पुढच्या रविवारी मी सर्वणला गेले ते हे सांगायला. गौरेश त्या दिवशी वेगळाच होता. नवा शर्ट, चेहऱ्यावर उजेड. आज वायर नको, म्हणाला. एकट्यानेच विमान वर नेलं, अगदी सफाईने. मी त्याच्यापासून जरा लांब, रिकाम्या हातांनी उभी होते.

"प्रसाद उजवो आयलो," तो आभाळाकडे बघत म्हणाला.

"कसलो प्रसाद?"

"आमचो. तुजो आनी म्हजो... काल आवयन लायलो. देवीन उजवो दिलो, तनया."

त्याला वाटलं मी आनंदाने गप्प झाले आहे. तो भरभरून बोलत सुटला. इतके दिवस त्याला धीर होत नव्हता. डावीकडची पाकळी पडली तर सगळं तिथेच संपलं, या भीतीने तो आईला पुढे पुढे ढकलत होता. मला आशा दाखवून मग देवीने नाही म्हटलं तर, म्हणून माझ्याशी बोलला नव्हता. पक्कं करूनच सांगायचं ठरवलं होतं. नजर विमानावर, त्यामुळे माझे डोळे भरलेले त्याला दिसत नव्हते.

"देवीक विचारलंस," मी म्हणाले. "आवशीक विचारलंस. माका कित्या नाय विचारलंस?"

"तुजो होकार म्हाका खबर आशिल्लो."

"आनी डावो पडलो आसतो तर?"

 विमानाने एक फेरा घेतला, मग दुसरा. मी उत्तराची वाट पाहत राहिले आणि मला कळलं की हेच उत्तर आहे. डावा पडला असता तर याने मला उंडे दिले असते, भाजी दिली असती, आणि कधीच काही सांगितलं नसतं.

"माझां ठरलां, गौरेश," मी म्हणाले. "गेल्या आयतारा."

रिमोटवरची त्याची बोटं पांढरी पडली, पण विमान डगमगलं नाही. चांगला शिकला होता. त्याने विचारलं, कुठला मुलगा. मी म्हटलं, पणजीचा. चांगला आहे? हो, चांगला आहे. मग त्याने विमान उतरवलं, इतकं हळुवार, की खुंटांवर टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

मी तिथेच उभी होते. खरं सांगते, तेव्हासुद्धा उशीर झाला नव्हता. साखरपुडा व्हायचा होता. तो "मोड" म्हणाला असता, नुसता हात धरला असता, तर मी घरी जाऊन आईच्या शिव्या खाल्ल्या असत्या, परेशची माफी मागितली असती, सगळं निभावलं असतं. त्याचे ओठ हलले. 

"बरें..." तो म्हणाला. "सुखान राव."

मी स्कूटर चालू केली.

आता पणजीला राहते. परेश खरोखरच चांगला आहे. तो मला सगळं विचारतो. खिडकी लावू का, आज बाहेर जेवूया का, तुझ्या आईला बोलावूया का. उत्तर माहीत असलं तरी विचारतो आणि मी काय म्हणते याची वाट बघतो. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस. काढलंच आहे. पण तो असा माझ्याकडे बघून थांबला, की दर वेळी "हो" म्हणायच्या आधी माझ्या मनात येतं... एवढंच तर विचारायचं होतं रे.