अल्बमातला धोतरा

कंधारच्या किल्ल्यात मी आलोकना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते खंदकाच्या कडेला पालथे पडले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हनुवटी मातीला टेकलेली. भोवळ आली असेल म्हणून मी धावत गेले...

"थोडं सरका. सावली पडून राहिली," ते मान न वळवता म्हणाले.

समोर धोतऱ्याचं पांढरं फूल होतं आणि त्यांच्या हातात मोबाईल.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचे. मैत्रिणीच्या लग्नाला कंधारला आले होते. ते नांदेडला दुसऱ्या क्लासमध्ये तोच विषय शिकवत. कोपरांची माती झटकत त्यांनी सांगितलं, की त्यांची पोरं रविवारी झाडांचे फोटो काढतात, कॉम्प्युटरवर बाण काढून पाकळी, पुंकेसर अशी नावं लिहितात आणि नेटवरच्या अल्बमात टाकतात. मग सगळे मिळून चुका शोधतात. तीन वर्षं मी फळ्यावर खडूनंच फुलं काढत होते. मला त्यांचा हेवा वाटला. हेवाच होता का... तेव्हा कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझी मुलंही त्या अल्बमात आली. किल्लारीची गौरम्मा वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिनं नांदेडच्या एका मुलाच्या फोटोखाली लिहिलं, की तुझा बाण चुकलाय, परागकोश वर असतो. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर येऊन बसली. मी हे फोनवर सांगितलं, तर आलोकनी तिथंच अल्बम उघडून तिचं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, आज माझा दिवस चांगला गेला.

एकदा त्यांनी तो धोतरा एडिटिंग करून गर्द जांभळा केला. मी खाली लिहिलं, रंग बदलू नका, पोरं परीक्षेत फसतील. त्यांनी मुलांदेखत चूक कबूल केली, मूळ फोटो पुन्हा टाकला. मग फक्त मला मेसेज आला : तुमच्या नजरेतून काहीच सुटत नाही का?

तुमचं तर काहीच नाही, असं मी लिहिलं. पाठवलं... आणि कानशिलं तापली.

त्यानंतर फोन रोजचे झाले. बोलणं पेशीपासून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. एक शब्द तेवढा दोघंही टाळत होतो.

फेब्रुवारीत क्लासचे मालक गुंडप्पा सर यांना अल्बमाचं कळलं. नांदेडचा क्लास म्हणजे आपला स्पर्धक, त्यांच्या पोरांना आपण का शिकवायचं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना फोटो दाखवले. त्यांनी कौतुक केलं, आणि तरी सांगितलं, की अल्बम बंद करा, नाहीतर नोकरी सोडा. मी नोकरी सोडली. अल्बम नांदेडहून चालू राहिला. माझी मुलं घरून फोटो टाकू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलोक लातूरजवळच्या मुरुडला, आमच्या गावी आले. आमच्या किराणा दुकानासमोर उभे, हातात पिशवी, शर्ट घामानं भिजलेला.

"मीपण राजीनामा देतो म्हणायला आलो," ते म्हणाले.

"असलं काही करू नका. तुमच्या पोरांचं काय?"

"मग दुसरं सांगू?"

"सांगा."

"नांदेडला याल?"

"नोकरीला?"

"न्हाई..." ते थांबले. आत बाबा गिऱ्हाईकाला डाळ मोजून देत होते. मातीत पालथं पडायला न लाजणारा माणूस आता चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "तुमच्या वडलांना विचारू का?"

"आधी मला विचारा."

त्यांनी मान वर केली. "वर्षाराणी... लग्न कराल माझ्याशी?"

"हाव," मी म्हणाले. इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं का नाही, कळेना.

आतून बाबांचा आवाज आला, "वर्षा, पावण्याला उन्हात काय उभं केलंस? आत बोलाव."