अय्याजचा गळका पंप

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी रहेमानचाचांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. फवारणीचे दिवस होते, ज्याच्या त्याच्या हातात पंप. आदल्या वर्षी बोंडअळीनं कापूस पोखरला होता आणि फवारणीच्या औषधानं माणसं दवाखान्यात गेली होती. यंदा गळका पंप पाठीला लावायची कोणाची छाती नव्हती. आणि त्या गर्दीत, ओढणी कंबरेला खोचून, हात मनगटापर्यंत काळे करून बसलेली चाचांची लेक नसरीन. पंप तिनंच खोलावा, असा गिऱ्हाइकांचा हट्टच असायचा.

तिनं मान वर केली तर समोर एक उंच पोरगा... आणि त्याचा मोबाईल थेट तिच्या हातांवर!

"ओ, काय करून राह्यले?"

"तुमच्या हातांचा व्हिडिओ. चेहरा नाही घेतला, अल्लाकसम!"

"इचारून घेत असतेत."

"इचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं."

"मंग आता?"

"आता... इचारतो. घेऊ?"

नसरीनला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. "घ्या," ती म्हणाली, "पण चाळे नाही पाह्यजे." तो होता अय्याज, बोरी अरब गावचा. घरची कापसाची शेती आणि शेतीचे व्हिडिओ टाकायचा नाद. त्याचा पंप झाकणापाशी गळत होता. तिनं झिजलेला रबरी वायसर काढला, नवा बसवला आणि तो का झिजतो तेही सांगितलं. तो बिचारा वायसरकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

पुढच्या बाजाराला स्वारी पुन्हा हजर. पंप पुन्हा गळका.

"मागच्या खेपेलेच तं करून देल्ला!"

"नशीब माह्यं," अय्याज म्हणाला आणि त्यानं मोबाईल पुढे केला. "हे पाहा, तुमच्या एका वायसरचं काय काय झालं."

नसरीन बघतच राहिली. सगळं काम दाखवणारा लांब व्हिडिओ होता, तो ठीक. पण ज्याला तेवढा वेळ नाही त्याच्यासाठी त्यातलाच चिमूटभर तुकडा होता, नुसता वायसर बसवतानाचा. इंटरनेट धड चालत नाही तिथं पाठवायला चार फोटो. तांड्यावरच्या सुखीबाईकडून त्यानं तेच सगळं गोरबोलीत वदवून घेतलं होतं, तो आवाज बंजारा बाया भाकरी थापता थापता ऐकत होत्या. आणि एका चित्रावर नुसता प्रश्न होता, 'फवारताना पाठ ओली होते काय?' त्याखाली लोकांनी उत्तरांचा पाऊस पाडला होता.

"एकाच गोष्टीचं एवढं?"

"कापसाचं कसं असते? रुई गिरणीत, सरकी घाण्यात, ढेप ढोरायले, पऱ्हाटी चुलीत. पीक एकच. ज्याले जे लागते ते त्याच्या दारात न्यायचं."

काय डोकं आहे बाई या माणसाचं! नसरीन मनातल्या मनात भारून गेली. मुकुटबनच्या एका माणसानं लिहिलं होतं, तुमच्यामुळे भावाचा पंप वेळेवर बदलला. ते तिनं दोनदा वाचलं. आजवर तिच्या काळ्या हातांना लोक नुसते पैसे देत होते, दुवा पहिल्यांदाच मिळाली होती.

मग काय, दर बाजाराला अय्याज आणि दर बाजाराला गळका पंप. बोरी अरबहून घाटंजीला यायचं तर वाटेत अख्खं यवतमाळ लागतं. तिथं काय पंप दुरुस्त करणारे मेले होते? पण हे कोणी विचारलं नाही. नसरीननं तर नाहीच.

आणि अशात आदिलाबादहून तिला रिश्ता आला. माणसं चांगली, पण अट एकच... लग्नानंतर मुलगी दुकानात बसणार नाही. तिनं ते मुद्दाम अय्याजला ऐकवलं. "गुरुवारी आदिलाबादचे येऊन राह्यले. मले पाहायले. लग्नानंतर दुकानात बसाचं नाही म्हणतेत."

"हो का?" तो म्हणाला. पंप तिथंच टाकून, मान खाली घालून निघून गेला.

नसरीनचं डोकं फिरलं. एका वायसरचा गावभर बोभाटा करणाऱ्याला एक वाक्य बोलता येऊ नये? त्या रात्री ती जेवलीच नाही. पण घरात काहीतरी शिजत होतं. अब्बू मोबाईलमध्ये कुठलं तरी शेत आणि विहीर बघत होते. अम्मी कानाला फोन लावून कोणाचा तरी आवाज पुन्हा पुन्हा ऐकत गालात हसत होती. फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, हातून मात्र तिनं फोन ओढूनच घेतला. त्यात एकच फोटो होता. पान्यावर आवळलेली तिची काळी बोटं, आणि खाली ओळ, 'हे हात थांबवू नका. नसरीनला इचारायची परवानगी द्या. – अय्याज'

तिचे डोळे भरून आले. मग तिला सणसणीत राग आला.

सकाळी दुकान उघडलं तर अय्याज दारात. भुरभुर पावसात भिजलेला, मोबाईल कुठं दिसत नव्हता.

"साऱ्या घराले पाठवलं! मले काहून नाही?"

"त्यायले तुकडे पाठवले," तो अडखळला. "ज्याले जसं समजते तसे. पण ते तुकडे ज्याचे हायेत, ते... ते पाठवाचं नसते. ते समोर येऊन सांगावं लागते."

"मंग सांगा."

"मले तू आवडते, नसरीन. लय आवडते. दुकान तुहंच राहील. तू नाही म्हटलं तं मी निंघून जातो."

कोपऱ्यातला त्याचा पंप नसरीननं उचलला, पाणी भरलं, झाकण आवळलं आणि उलटा धरला. थेंब पडला नाही.

"हा पंप पहिल्या दिवसानंतर कधी गळलाच नाही. घरून निंघताना तू झाकण ढिलं करत होता."

अय्याज कानापर्यंत लाल झाला. "तुले... कधीपासून माहीत हाय?"

"दुसऱ्याच खेपेपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

नसरीननं पंप त्याच्या हातात दिला. तिची काळी बोटं त्याच्या बोटांवर क्षणभर तशीच राहिली.

"सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं तू पुन्हा आला असता काय?"

आतून अब्बू खाकरले. मग त्यांनी अम्मीला हाक मारली, "शमसुन्निसा, आदिलाबादचा नंबर दे वं. गुरुवारी नका येऊ म्हणून सांगतो त्यायले."