पॉलिथिनमधली जॅकेटं

"बुडालं," रूबेन धक्क्यावर पालथा पडून पाण्यात बघत म्हणाला. "यार, खरंच बुडालं."

"काय बुडालं?" अलकनंदानं होडीतून विचारलं. ती शिडाचा दोर गुंडाळत होती.

"माझं जॅकेट."

"लाइफ जॅकेट?"

"मग काय स्वेटर? मे महिन्यात?"

श्रीरंग खो खो हसला. जीव वाचवायचं जॅकेटच बुडलं, याहून मोठा विनोद सबंध दिल्लीत कुठे सापडला असता? पण अलकनंदा हसली नाही. तिनं लांब आकडा घेतला, होडीच्या कडेला गुडघे टेकले आणि ढवळून ढवळून जॅकेट वर काढलं. ते ओल्या गादीसारखं जड झालं होतं. पिळलं तर त्यातून यमुनेचं काळं पाणी निथळायला लागलं.

तिघंही पहाडगंजच्या मराठी शाळेतले. सुट्टी लागली की ओखल्याला यायचे. तिथे बंधाऱ्यामागे नदीचं पाणी तळ्यासारखं पसरतं, आणि त्याच्या काठावर यमुना नौकापथकाची लांबलचक पत्र्याची शेड होती. अलकनंदा चौदा वर्षांची, होडीची सुकाणूधारी. रूबेन सगळ्यांत लहान, चणीनं बारीक. त्याचे वडील रेल्वेत होते. अलिबागकडून दिल्लीला येऊन त्यांना दोन पिढ्या झाल्या होत्या. आणि श्रीरंग म्हणजे पथकाच्या मानद सचिवांचा, दत्तात्रयकाकांचा मुलगा.

या सुट्टीत सगळे इरेला पेटले होते, कारण 'सिंधुकन्या' हे मुलांना प्रशिक्षण देणारं शिडाचं जहाज दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून कोचीनला निघणार होतं आणि त्याच्या खलाशांमध्ये दिल्लीच्या मुलांनाही जागा होती. मुलांची निवड करायला अण्णासाहेब येणार होते. ते नौदलातले निवृत्त कॅप्टन. रविवारी ते येणार आणि त्यांच्यासमोर होडीनं पूर्ण शिडं उभारून सलामी द्यायची, असं ठरलं होतं. शिकवणारे कदम सर भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले होते, म्हणून सगळा कारभार दत्तात्रयकाकांकडे होता.

"बाकीची बघू या," अलकनंदा म्हणाली.

तिघांनी धक्क्यावरच्या ढिगातून दोन जॅकेटं उचलली, चांगलं जॅकेट सहज पेलेल अशी एकेक वीट प्रत्येकाला बांधली आणि धक्क्यालगत पाण्यात सोडली. एक लगेच खाली गेलं. दुसरं थोडा वेळ तरंगलं, मग वाकडं झालं आणि तेही हळूच दिसेनासं झालं.

अलकनंदानं एकाची शिवण उसवली. आतला सावरीचा कापूस आंबून, चिकटून त्याचे गोळे झाले होते.

"रंग्या, काकांना सांग," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."

श्रीरंग ऐटीत गेला. बाबा शेडच्या ऑफिसात खुर्च्यांना पांढरे अभ्रे घालून बघत होते.

"बाबा, जॅकेटं खराब झालीत. रूबेनचं बुडालं."

"ओलं ठेवलं असेल त्यानं. उन्हात टाका, सुकतील."

"पण बाबा, आम्ही वीट बांधून..."

"विटा बांधून?" बाबांनी वळून पाहिलं. "सरकारी वस्तूंना विटा बांधता? इतकी वर्षं तीच जॅकेटं वापरतोय. कुणी बुडालं का? आणि हे बघ, तू सेक्रेटरीचा मुलगा आहेस. तूच तक्रारी करत फिरलास तर लोक काय म्हणतील?"

बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातली मोठी पत्र्याची ट्रंक उघडली आणि सलामीचा नवा झेंडा बाहेर काढला. झाकण पडायच्या आत श्रीरंगला आतलं दिसलं. करकरीत नारिंगी लाइफ जॅकेटं. एकेक वेगळं, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं.

"ही नवी आहेत?"

"रविवारसाठी," बाबा अभिमानानं म्हणाले. "कदमांनी कितीदा मागितली, मी दिली नाहीत. पोरं चार दिवसांत मळवून टाकतील. अण्णासाहेबांना कशी झळाळताना दिसली पाहिजेत!"

श्रीरंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांच्या घरीही असंच होतं. चांगल्या कपबशा काचेच्या कपाटात, सोफ्यावर चादर, आणि चादर निघायची ती पाहुणे आले की. त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण इथे कपबशा नव्हत्या.

बाहेर दोघं वाट बघत होती.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"मग झालं तर," रूबेन निर्धास्तपणे म्हणाला. "काका बघतो म्हणाले म्हणजे बघतीलच."

आणि त्यानं ते ओलं जॅकेट झटकून पुन्हा गळ्यात अडकवलं. श्रीरंगला त्याच्याकडे बघवेना. रूबेनला पोहता यायचं ते जेमतेम, कुत्र्यासारखं हातपाय मारत, आणि तो श्रीरंगच्या बाबांवर विश्वास ठेवून होता.

"नाही म्हणाले," श्रीरंगच्या तोंडून निघून गेलं. "ते काही करणार नाहीत. नवी जॅकेटं आहेत. ट्रंकेत. पाहुण्यांसाठी ठेवलीत."

अलकनंदा त्याच्या बाबांना एखादा टोमणा मारेल असं त्याला वाटलं होतं. तिनं मारला नाही, ते आणखी लागलं.

"आज संध्याकाळी तालीम आहे," ती शेवटी म्हणाली. "मी होडीवरच्या पोरांना ही जॅकेटं घालून पाण्यात नेणार नाही."

"मग काकांना सरळ सांग," रूबेन म्हणाला.

"मी सांगितलं तर तालीमच रद्द करतील, आणि आपण उर्मट ठरू. मग कसली 'सिंधुकन्या'!" ती उसवलेल्या जॅकेटकडे बघत राहिली. मग तिनं त्यातला सगळा कापूस ओढून बाहेर काढला. हातात उरली खाकी कापडाची रिकामी खोळ. "रंग्या, या खोळीत नवं जॅकेट मावेल?"

श्रीरंगला कळायला क्षणभर लागला. मग मात्र त्याला हसू आवरेना. "बिल्कुल मावेल!"

दुपारी बाबा जेवून ऑफिसातल्या बाकावर आडवे झाले. घोरण्याची लय लागल्यावर श्रीरंगनं खिळ्यावरची ट्रंकेची किल्ली काढली. एकेक पॉलिथिन सोलताना चर्र चर्र असा मोठा आवाज व्हायचा आणि दर वेळी तो जागच्या जागी थिजायचा. बाबांच्या तोंडावर पेपर होता, वाऱ्यानं हलत होता. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आपण चोरी करतोय, तीही स्वतःच्या बापाच्या उशाशी, असं त्याच्या मनात आलं. तरी त्यानं होडीवरच्या सहाही जणांसाठी जॅकेटं काढली आणि किल्ली जागेवर लावली.

शेडमागे बसून त्यांनी खोळी रिकाम्या केल्या आणि नव्या जॅकेटांवर चढवल्या. होडीवरची बाकीची तिघं सरोजिनीनगरची होती. तीही मदतीला बसली. वरून खाकी, आतून नारिंगी.

"आपण कोबीसारखे दिसतोय," रूबेन स्वतःकडे बघून म्हणाला.

"दिस. तरंगलास म्हणजे झालं," अलकनंदा म्हणाली.

संध्याकाळी होडी सज्ज झाली. दोन्ही डोलकाठ्यांवर शिडं चढली. बाबा पांढऱ्या शर्टात धक्क्यावर आले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि समाधानानं मान हलवली. त्यांना काही कळलं नव्हतं. श्रीरंगनं सुटकेचा श्वास सोडला.

"चला, मीही येतो," बाबा अचानक म्हणाले. "रविवारी अण्णासाहेब होडीत बसणार. त्यांना कुठे बसवायचं ते बघायला हवं."

आणि त्यांनी ढिगातलं एक जुनं जॅकेट उचलून गळ्यात घातलं.

अलकनंदानं श्रीरंगकडे पाहिलं. तो पुढे झाला. "बाबा, ते..."

"काय रे?"

सगळी होडी बघत होती. 'ते घालू नका, ते बुडतं,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाबांनी विचारलं असतं की तुम्ही काय घातलंय? किल्लीचं निघालं असतं, आणि सगळ्यांसमोर बाबांचं तोंड कसं झालं असतं, ते श्रीरंगला आताच दिसायला लागलं.

"काही नाही," तो म्हणाला.

होडी निघाली. सुरुवातीला वारा मंद होता. जलपर्णीच्या बेटांमधून होडी झोकात सरकत होती आणि बाबा खुशीत येऊन, लहानपणी वाईला कृष्णेत आपण कसे सूर मारायचो ते सांगत होते. मग एकाएकी वारा पडला. पश्चिमेकडे आकाश पिवळं झालं, मातकट झालं. काठावरची झाडं दिसेनाशी झाली.

"आंधी येतेय," अलकनंदा म्हणाली. "शिडं उतरवा. रूबेन, पुढचं आधी."

"थांबा थांबा," बाबा उठून उभे राहिले. "नवा झेंडा आहे वर, तो आधी..."

"काका, बसा!"

पण आंधी येऊन धडकलीच. तोंडात, डोळ्यांत धूळ. होडी एका अंगावर कलली. मागच्या शिडाचा आडवा दांडा सपकन फिरला आणि बाबांच्या खांद्यावर बसला. श्रीरंगला फक्त पांढऱ्या बाह्या दिसल्या. मग त्याही दिसेनात.

"माणूस पाण्यात!" अलकनंदा ओरडली. तिनं सुकाणू पूर्ण दाबलं. "शिडं सोडा, सगळी. वल्ही घ्या. रूबेन, तू बोट दाखवत राहा, नजर हलवू नकोस."

रूबेन पुढे गुडघ्यांवर बसला आणि धुळीत हात लांब करून राहिला. त्या हाताच्या दिशेनं होडी वळली. बाबा दिसले. डोकं वर होतं, पण हनुवटी पाण्यात. दांड्याच्या तडाख्यानं त्यांचा एक हात हलत नव्हता आणि छातीवरचं जॅकेट त्यांना खाली ओढत होतं. दुसऱ्या हातानं ते नाडी सोडू बघत होते. भिजलेली गाठ सुटत नव्हती.

दोर फेकला, तो वाऱ्यानं भलतीकडे नेला.

"दोर माझ्या कमरेला बांध," श्रीरंग म्हणाला. अलकनंदानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, गाठ मारली, ओढून तपासली आणि मान हलवली.

तो पाण्यात उतरला. जॅकेटनं त्याला लगेच वर उचललं. गढूळ लाटा तोंडावर आपटत होत्या. त्याचा हात बाबांच्या कॉलरपर्यंत पोचला तेव्हा त्यांचं नाक पाण्याखाली गेलेलं होतं. त्यानं पाठीमागून त्यांना कवटाळलं. ते ओलं ओझं दोघांनाही खाली खेचायला लागलं. पण श्रीरंगच्या अंगावरच्या जॅकेटनं धरून ठेवलं, दोघांनाही. वरून दोर ताठ झाला.

होडीच्या मागच्या बाजूनं बाकीच्यांनी दोघांना ओढून घेतलं. बाबा होडीच्या तळाशी पडून खोकत राहिले. श्रीरंग शेजारी धापा टाकत बसला. ओढताना त्याच्या जॅकेटची खाकी खोळ कडेला अडकून टरकन फाटली होती, आणि आतून नारिंगी रंग दिसत होता.

बाबांनी ते पाहिलं. मग रूबेनच्या गळ्यापाशी डोकावणारी नारिंगी किनार पाहिली. मग स्वतःच्या छातीवरचं जॅकेट, ज्यातून अजून पाणी गळत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा, मला माहीत होतं," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. "मी बोललो नाही."

अलकनंदानं वल्ही मारायला सांगितली आणि होडी धक्क्याकडे वळली.

रविवारी अण्णासाहेब आले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे. खुर्च्यांवर अभ्रे नव्हते. भाषणाऐवजी दत्तात्रयकाका गळ्यात अडकवलेला हात सावरत उभे राहिले आणि काय घडलं ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ट्रंकेपासून. पालक बसले होते, रूबेनची आई बसली होती, रत्नागिरीहून परतलेले कदम सर बसले होते. श्रीरंगला वाटलं, जमीन दुभंगावी. त्याची नजर बाबांच्या चपलांवरून वर सरकेना.

अण्णासाहेबांनी मुलांना जवळ बोलावलं. "सुकाणू तुझ्याकडे होतं? आंधीत होडी वळवून माणूस शोधलास. शाब्बास. आणि बोट दाखवणारा कोण? तू? सगळ्यांत अवघड काम होतं ते, बेटा." मग ते श्रीरंगकडे वळले. "तू वडिलांना वाचवलंस. धाडसी आहेस."

"नाही," श्रीरंग म्हणाला. "ते जॅकेट घालत होते तेव्हा मी गप्प बसलो."

"का?"

"लाज वाटली. त्यांची. म्हणजे, त्यांना लाज वाटेल याची भीती."

"पुढच्या वेळी आधी बोलायचं," अण्णासाहेब म्हणाले. "लाज मागाहून वाटू दे. 'सिंधुकन्या'वर तुम्ही तिघं चला. तुझं काम रोज सकाळी सगळ्यांची जॅकेटं तपासण्याचं. माझं खराब दिसलं तर माझ्या तोंडावर सांगायचं. जमेल?"

"प्रयत्न करीन," श्रीरंग म्हणाला. टाळ्या वाजल्या. त्या ऐकताना त्याला आनंद झाला, पण अवघडल्यासारखंही वाटलं.

मग सलामीसाठी सगळे होडीकडे निघाले. दत्तात्रयकाका धक्क्यावर थांबले. त्यांनी एक नवं नारिंगी जॅकेट एका हातानं कसंबसं अंगात चढवलं, नाडी बांधली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "श्रीरंग, जरा बघ रे. बरोबर आहे?"

श्रीरंगनं गाठ ओढून पाहिली. कदम सर बघत होते. अण्णासाहेब बघत होते.

"सैल आहे, बाबा," तो मोठ्यानं म्हणाला.

बाबांनी हात बाजूला केला. श्रीरंगनं गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.