खोट्या मोटरचा इशारा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि योगेंद्रने लिहिलेल्या कोडवर तर त्याहून नाही. म्हणूनच त्या दुपारी लोणखेड्याच्या आमच्या ऑफिसात मी त्याच्या एका फंक्शनची चाचणी घेत बसले होते.

शेतातली मोटर बिघडली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर अहिराणीतून साधं वाक्य पाठवायचं, एवढंच त्या फंक्शनचं काम. चाचणीत मोटर खोटी, बिघाडही खोटा. वाक्य बरोबर येतं का, तेवढं बघायचं. ही सगळी वाक्यं चुडामणकाकांनी सांगितलेली. आयुष्यभर त्यांनी गावोगावच्या मोटरी दुरुस्त केल्या. माझ्या खुर्चीमागे बसून तंबाखू मळत, खोकत सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला जास्त साखरेचा चहा वसूल करायचे. गेल्या पावसाळ्यात ते वारले. आम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

योगेंद्र चहा सांगायला खाली गेला. मी 'वीज नाही' हा बिघाड दिला. 'लाईट नही शे' असं वाक्य यायला हवं होतं. चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. आलं ते भलतंच:

'पोरी, मोतीलालले सांग, कपलिंगवरना हात काढ. लाईट येई ऱ्हायनी.'

मोतीलाल म्हणजे माझे बापू. आणि कपलिंग म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा, मोटरबरोबर गरगर फिरणारा सांधा. हा योगेंद्रचाच चावटपणा, असं म्हणत मी कोड उघडलं. ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं. मग खोलीत हळूहळू ओल्या तंबाखूचा वास यायला लागला... मी घाबरून फोन लावला.

"बापू, कोठे शेतस?"

"तापीवर. कपलिंग खोली ऱ्हायनू. लाईट नही शे ना..."

"हात काढा! आते!"

"अवं, काय व्हयनं..."

पुढचे शब्द मोटरच्या घरघरीत बुडाले. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून आमच्याकडे स्टार्टरला ऑटो लावतात, आणि बापू तो बंद करायलाच विसरले होते. मी नुसती ओरडत राहिले.

"वाचनू, बेटा!" बापू मोठ्याने हसले. "हात जागावर शे!"

मी रडत रडत हसले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग बापूंचा आवाज एकदम खाली आला.

"पन दामिनी... तुन्हा मांगे कोन खोकली ऱ्हायना?"

खोलीत मी एकटीच होते. मागे वळायची हिंमत झाली नाही. समोरच्या खिडकीतून मी खाली हाक मारली.

"योगेंद्र, अजून एक चहा सांग रे... साखर जास्त!"